आधी खरारा, मग तक्रार

मी एक जुना खरारा आहे, मित्रांनो. लोखंडाचं अंग, दातांच्या सहा ओळी, बाभळीची मूठ, आणि पुढच्या ओळीतले दोन दात अर्ध्यात तुटलेले. ते कसे तुटले हे पुढं येईलच. घोड्याच्या अंगावरची धूळ, सुटलेले केस आणि वाळलेला घाम खरवडून काढणं हे माझं काम. दिसायला मी काही देखणा नाही. एकदा घरी आलेल्या पाहुणीनं मला खोबरं किसायला घेतलं होतं. आमच्या घरधनीण पारूबाई वेळेवर चुलीपाशी आल्या म्हणून त्या दिवशीचं कालवण वाचलं. पण मला नुसतं हत्यार समजू नका. चाळीस वर्षांत माझ्या मुठीवरून इतके हात गेलेत की मूठ धरली रे धरली, माणूस कसा आहे ते मला कळतं.

माझा जन्म दिल्ली गेटाच्या बाजूला एका लोहाराच्या भट्टीत झाला. बैलगाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव तिथं गंजत पडली होती. लोहारानं ती तापवली, ठोकून ठोकून पातळ केली आणि तिला कानशीनं दात पाडले. दातांवरून कानस फिरते तेव्हा काय होतं ते लोखंडालाच ठाऊक. सर्जेराव तेव्हा पंचविशीतले, रेल्वे स्टेशनावर टांगा चालवणारे. त्यांनी मला उचललं, स्वतःच्या पोटरीवर घासून पाहिलं आणि लोहाराला म्हणाले की अजून एक हात कानस मार, मला टोचतंय तर माझ्या घोड्यालाही टोचणार. हा माणूस बरा दिसतो, असं मला तेव्हाच वाटलं.

आणि मग मी पहिल्यांदा घोड्याच्या अंगाला लागलो. काय सांगू तुम्हाला! मी लोखंड, मला वाटलं होतं, अंग म्हणजे अंग, घासायचं आणि मोकळं व्हायचं. पण त्या कातडीखाली अख्खं गाव जागं होतं. मागच्या पुठ्ठ्यावर माशी बसली तर तेवढीच रुपयाएवढी जागा थरथरायची, बाकीचं अंग स्तब्ध. पुढच्या पायामागं गेलो की आत काळजाचा ठोका लागायचा, संथ आणि खोल, दोन ठोक्यांच्या मधे इतका वेळ जायचा की मला वाटे, आता थांबलंच. आणि एवढा डोंगराएवढा जीव, एका लाथेत टांगा मोडू शकणारा, माझ्यासारख्या वीतभर लोखंडापुढं डोळे मिटून उभा राहायचा. तेव्हा मी जो थक्क झालो तो आजतागायत तसाच आहे.

आमच्या घरचा एक नियम आहे. तो पारूबाईंनी घातला. एका संध्याकाळी सर्जेराव स्टेशनावर कुणाशी तरी भांडून आले आणि दारातली बादली त्यांनी लाथेनं उडवली. पारूबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. त्यांनी मला नवऱ्याच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "आधी खरारा करा, मग घरात या आन् काय बोलायचं ते बोला." सर्जेराव घोड्याकडं गेले. पहिले चार हात त्यांनी असे ओढले की घोड्यानं अंगच काढून घेतलं. रागाचा हात घोडा सोसत नाही, मित्रांनो. त्याला उभं ठेवायचं तर हात मऊ करावा लागतो, आणि हात मऊ झाला की मागचं माणूसही हळूहळू मऊ होतं. अर्ध्या तासानं सर्जेराव घरात आले तेव्हा भांडण कशावरून झालं होतं हे त्यांना धड सांगता येईना. पारूबाईंनी ताट वाढलं.

पुढं रिक्षा आल्या, टांगे बसले. सर्जेरावांनी काही वर्षं लोकांचे घोडे वळणावर आणायचं काम केलं आणि मग पडेगावला रस्त्याच्या आत जागा घेऊन पत्र्याचा तबेला टाकला. चौदा खण, मधे दगडी हौद, आणि वाऱ्याच्या बाजूला कडुनिंब. शहरातल्या लोकांनी हौसेनं घोडे घ्यायचे, आणि ते सांभाळायला आमच्याकडं ठेवायचे. आता सर्जेरावांच्या गुडघ्यांनी दगा दिलाय, म्हणून सगळा कारभार त्यांची लेक संध्या बघते. ती शिकलेली आहे, आवाज कधी चढवत नाही, आणि मला कमरेच्या पट्ट्यात खोवून हिंडते. घोडे सोपे असतात हो. त्यांना भूक लागली की खुरानं माती उकरतात, पोट दुखलं की लोळतात, त्यात छक्केपंजे नाहीत. अवघड असतात ते मालक.

कुणी म्हणे माझा घोडा वाळला. कुणी म्हणे शेजारच्या खणात जास्त गवत पडतं. कुणी घरी कुणाशी तरी वाजलं की ते इथं येऊन काढी. संध्या वाद घालत नसे. ती आईचा नियम पुढं करायची: आधी खरारा, मग तक्रार. हसत हसत मला समोर धरायची, आणि लाजेकाजेस्तव का होईना, माणूस मला हातात घ्यायचा.

विश्वजीत नावाचा एक गडी होता, प्लॉटिंगच्या धंद्यातला. एप्रिलमधे भर दुपारी बारा वाजता आला, की आत्ताच्या आत्ता घोडा काढा, मोबाइलवर टाकायला धावतानाचं चित्र काढायचंय. संध्यानं घोडा तापेल, मरेल, असं काही म्हटलं नाही. तिनं मला त्याच्या हातात दिलं आणि आधी एवढा खरारा उरकून घ्या म्हणाली. पत्र्याखाली दहा मिनिटांत गड्याचा शर्ट पाठीला चिकटला, गॉगल नाकावरून घसरायला लागला. मग त्यानं घोड्याच्या ओल्या मानेवर हात ठेवला, स्वतःच्या कपाळावर ठेवला आणि ऊन लईच हाय, सहाला येतो, असं म्हणून गेला. अपेक्षा नावाची एक डॉक्टरीण आपल्या घोड्याला गोडाचं खाऊ घालायची आणि तो हट्टी झाला म्हणून आम्हालाच बोलायची. तिच्या हातून खरारा करताना तिलाच त्याच्या पोटाखाली खोगीर आवळायचा तंगाचा पट्टा काचून झालेली जखम सापडली. ती खाली बसली आणि रडली. तेव्हापासून ती दर शनिवारी येते, आणि आमच्याकडं कुणाचंच काही चुकत नाही असं सगळ्यांना सांगते.

चौदा मालकांत एकच माणूस असा होता ज्यानं मला कधी हात लावला नाही. ते म्हणजे तात्यासाहेब.

तात्यासाहेबांची शेती फर्दापूरच्या अलीकडं. लेकाला शहरात नोकरी लागली, म्हणून दोन वर्षांपूर्वी ते आणि त्यांच्या पत्नी चतुराबाई पुंडलिकनगरला लेकाकडं राहायला आले, आणि घोडी आमच्याकडं आली. गडद तांबूस रंगाची, अंगावर पांढरा ठिपका नाही, डोळे असे की बघणाऱ्यानं चार पावलं हळू यावं. तात्यासाहेबांनी तिचं नाव ठेवलं होतं राजलक्ष्मी. तिच्या गळ्याखाली केसांचा भोवरा आहे, त्याला देवमण म्हणतात, आणि तो फार शुभ मानतात. तात्यासाहेब दर रविवारी पाहुणे घेऊन यायचे, काठीच्या टोकानं तो देवमण दाखवायचे आणि सांगायचे की हिचा पाय दाराला लागला आन् विहिरीला पाणी आलं, पोराला नोकरी लागली, नातू ऋतुराज दहावीच्या परीक्षेत पहिला आला. मग खुर्ची मागवून बसायचे आणि तक्रारी सुरू. पाणी गार नाही. झूल नीट घडी केलेली नाही. संध्यानं मला पुढं केलं की म्हणायचे, मी मालक हाय, घोडी सांभाळणारा मोतद्दार नव्हं. घोडीला त्यांनी दोन वर्षांत काठीशिवाय स्पर्श केला नव्हता.

मी मात्र त्या घोडीचा इंच न् इंच ओळखत होतो. ती आली तेव्हा तिच्या आयाळीची घट्ट वेणी घातलेली होती आणि सगळी आयाळ उजव्या अंगाला पाडलेली. सोबत एक निरोप होता, चतुराबाईंचा: आयाळ कधी दुसऱ्या बाजूला पाडू नका. सर्जेरावांनी वेणी सोडून मला मानेवरून फिरवलं तेव्हा आयाळीच्या मुळाशी, उजव्या बाजूला, मला एक लांबट भोवरा लागला. जुनी माणसं त्याला सापीण म्हणतात आणि असा घोडा दारात नको म्हणतात. सर्जेराव असलं काही मानत नाहीत. केस कुठल्या दिशेला उगवतात यावर कुणाचं नशीब ठरत असेल तर कठीणच आहे, असं ते पारूबाईंना म्हणाले आणि पुढच्या कामाला लागले. घरधन्याला आपल्या घोडीचं माहीत असणारच, असंही त्यांनी धरलं. चूक म्हणाल तर ती तेवढीच.

गेल्या पावसाळ्यानंतर तिच्या मानेला नायटा झाला. आयाळीखाली ओल राहायची, खाजवून खाजवून तिनं कातडी सोलून घेतली. डॉक्टर म्हणाले, आयाळ काढा, मानेला हवा लागू द्या. संध्यानं तात्यासाहेबांना फोन केला. बारीकसारीक गोष्टींना फोन करत जाऊ नका, म्हणून त्यांनी पुरतं ऐकून न घेताच फोन ठेवला. मंगळवारी संध्यानं आयाळ कातरली. औषध लागलं, घोडीला आराम पडला, आणि रविवारी तात्यासाहेब दोन पाहुणे घेऊन आले.

ते नेहमीसारखे काठी उचलून पुढं झाले आणि मानेवरचा उघडा पडलेला भोवरा दिसताच काठी तिथंच थांबली. मी संध्याच्या कमरेला होतो, म्हणून मला सगळं दिसलं. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"ही माझी घोडी नव्हं," ते म्हणाले. "माझी घोडी बदलली तुम्ही."

संध्यानं समजावून सांगितलं. नायटा, डॉक्टर, आयाळ, फोन. तात्यासाहेबांनी हाक मारली, "राजलक्ष्मी!" घोडीचा कानसुद्धा हलला नाही. ते पाहुण्यांकडं वळून म्हणाले की बघा, नावाला पण वळखत नाय. आता या गोष्टीवर हसावं की रडावं, मित्रांनो? त्या नावानं तिला रविवारखेरीज कधी कुणी हाक मारलीच नव्हती. पण माणसाचं असंच आहे. आपण दोन वर्षं नीट पाहिलं नाही, हे मान्य करण्यापेक्षा त्याला समोरचा चोर आहे हे जास्त लवकर पटतं.

गुडघ्यावर हात ठेवत सर्जेराव खाटेवरून उठून आले. ते शांतपणे म्हणाले, "तात्यासाहेब, ती आली त्या दिवसापासून हाय हा भोवरा. मला वाटलं, तुम्हाला ठावंच असंल. आपल्या घोडीचं मालकाला ठावं नसंल, असं मी कसं धरू?"

हे वाक्य त्यांना झोंबलं. तुमच्या लोकांना घोड्याच्या लक्षणातलं काय कळतंय, असं ते बोलून गेले. संध्याचा हात माझ्या मुठीवर आवळला. ते दोन शब्द, तुमच्या लोकांना, तिनं आयुष्यात पुष्कळदा ऐकले असतील. तिचा हात तसा आवळलेला मी त्याआधी कधी अनुभवला नव्हता. तरी तिनं श्वास घेतला, मला कमरेतून काढलं आणि त्यांच्यासमोर धरलं. ती म्हणाली की एकदा स्वतःच्या हातानं खरारा करा, तात्या, मग तुम्ही म्हणाल ते ऐकते. त्यांनी काठीनं मला असं झटकलं की मी हौदाच्या दगडावर जाऊन आपटलो. माझे दोन दात गेले ते तिथं.

जाताना ते सांगून गेले. पुढच्या रविवारी जाणकार माणूस घेऊन येतो. तोवर माझी खरी घोडी हजर करा, नायतर पोलिसांत जातो, आन् यात्रेच्या घोडेबाजारात उभं राहून तुमचं नाव सांगतो. या असल्या सापिणीला माझ्या दारात जागा नाय.

तो आठवडा मी विसरणार नाही. बातमी शहरभर गेली. विश्वजीत आला आणि मोबाइलमधले जुने फोटो काढून आपल्या घोड्याशी ताडून बघत राहिला. संध्याच्या नजरेला नजर देईना. दोन मालकांनी घोडे दुसरीकडं हलवायचं म्हणून विचारणा केली. सर्जेराव दिवसभर खाटेवर बसायचे. चाळीस वर्षं स्टेशनापासून पडेगावपर्यंत ज्या माणसाला लोक विश्वासानं आपला जीव सोपवत आले, त्याला आता घोडेचोर म्हणणार होते. आणि घोडीचं काय? ज्याची आहे तो म्हणतो माझी नाही, आणि ज्यांची नाही ते तिला ठेवून घेऊ शकत नाहीत. मानेवर सापीण असलेली नऊ वर्षांची घोडी कोण घेणार? वरातीत डीजेपुढं नाचवायला कुणी घेतली तर घेतली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. संध्या रोज माझे मागचे शाबूत दात लावून तिला खरारा करायची आणि ती डोळे मिटून उभी राहायची.

रविवार उजाडला. तात्यासाहेब आले, सोबत पुंजाराम नावाचा लक्षणं बघणारा म्हातारा. आणि गाडीच्या मागच्या दारातून चतुराबाई उतरल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा. तात्यासाहेबांनीच त्यांना साक्षीला आणलं होतं. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "घोडी हिनं वाढवलीय. हीच सांगंल आता, ही आपली हाय का नाय ते."

चतुराबाई लहानखुऱ्या, पदर घट्ट धरलेला. त्यांनी घोडीकडं पाहिलं, आणि लगेच खाली जमिनीकडं. मी संध्याच्या हातात होतो. मला तेव्हा काही माहीत नव्हतं, तरी एवढं दिसत होतं की ही बाई कसल्या तरी कात्रीत सापडलीय. तिनं ही आपली नाही म्हटलं, तर सर्जेरावांची अब्रू गेली आणि घोडीही गेली. आपली आहे म्हटलं, तर काय होईल याची तिला आमच्यापेक्षा जास्त कल्पना असावी.

पुंजारामनं घोडीभोवती दोन चकरा मारल्या. गळ्याखाली पाहिलं, मानेवर पाहिलं, पुन्हा गळ्याखाली पाहिलं. देवमण बी हाय आन् सापीण बी हाय, माझ्या हिशेबात हे बसत नाय, असं पुटपुटून तो चहाचा कप घेऊन कडुनिंबाखाली जाऊन बसला.

संध्या पुढं झाली. आदल्या रविवारी जे घडलं त्यानंतरही तिनं मला तात्यासाहेबांसमोर तसंच धरलं, मूठ त्यांच्याकडं करून. नियम सगळ्यांना एकच, ती म्हणाली. तात्यासाहेबांनी तोंड फिरवलं. तेवढ्यात बाजूनं एक सुरकुतलेला हात आला.

"इकडं दे, बाई," चतुराबाई म्हणाल्या.

त्या हातानं मूठ धरली आणि मी चमकलो. तो हात घोड्याला सरावलेला होता. कुठं दाबायचं, कुठं नुसतं टेकवायचं, केसांच्या कोणत्या वळणाला मनगट फिरवायचं, सगळं त्याला पाठ होतं. चतुराबाई घोडीजवळ गेल्या आणि अगदी हळू, नातवाला उठवावं तसं म्हणाल्या, "साळू."

घोडीचे दोन्ही कान एकदम पुढं आले. तिच्या अंगातून एक लाट गेली, मित्रांनो, मानेपासून शेपटीपर्यंत, आणि ती माझ्या दातांतून मुठीत आणि मुठीतून त्या म्हातारीच्या दंडात गेली. मी खांद्याच्या वरच्या उंचवट्यावर फिरायला लागलो, तसं साळूनं मान वळवली आणि ओठांनी चतुराबाईंच्या खांद्यावर, लुगड्यावरून, हळूहळू खाजवायला सुरुवात केली. घोडे आपसात असं करतात: तू माझं अंग खाजव, मी तुझं. माणसाला तो मान क्वचित मिळतो. चाळीस वर्षांत मी किती घोड्यांच्या अंगावरून फिरलो असेन, पण असं काही मी पाहिलं नव्हतं. लोखंडाला रडता येत नाही म्हणून बरं.

चतुराबाईंनी मला थांबवलं नाही आणि नवऱ्याकडं पाहिलंही नाही.

"ही साळूच हाय," त्या म्हणाल्या. "अन् हा भोवरा तिला जन्मापासून हाय. तुम्ही यात्रेला गेलते तव्हा ती झाली, अन् तिला पुसून कोरडी मी केली. मी तव्हाच बघितला. त्याच्या आदल्या साली असल्याच एका खोटीपायी तुम्ही माझं शिंगरू देऊन टाकलं होतं. ते वरडत गेलं, मी दारात उभी व्हते. मला ते परत बघायचं नव्हतं. म्हणून रोज आयाळ ह्या अंगाला पाडली. रोज वेणी घातली."

तात्यासाहेब बायकोकडं वळले. "नऊ वर्सं मला फशिवलंस?"

"व्हय," चतुराबाई म्हणाल्या. "फशिवलं. पर एक सांगते. विहिरीचं पाणी, पोराची नोकरी, ऋतुराजची परीक्षा, जे जे हिच्या पायगुणानं झालं म्हणून तुम्ही गावभर सांगत फिरता, ते समदं ह्या भोवऱ्यासकट झालंय."

तात्यासाहेबांनी पुंजारामकडं पाहिलं. पुंजाराम चहाच्या कपात बघत होता. सर्जेरावांकडं पाहिलं, आणि तिथं नजर फार वेळ टिकली नाही. मग काठी हौदाला टेकवून ते बायकोपाशी आले आणि हात पुढं केला. चतुराबाईंनी मला त्यांच्या हातात दिलं.

काय तो हात! सालभराचं शिंगरूही त्याहून नीट उभं राहतं. ते मला केसांच्या उलट्या दिशेनं ओढायला लागले, साळूनं अंग काढून घेतलं. केसाच्या अंगानं घ्या, चतुराबाई म्हणाल्या. त्यांनी घेतलं. पुठ्ठा झाला, बरगड्या झाल्या. पोटाजवळ त्यांच्या बोटांना एक जुना वण लागला, तेव्हा त्यांनी विचारलं की हे कव्हाचं. ती तीन वर्षांची असताना तारेत अडकली होती, चतुराबाईंनी सांगितलं. मला कसं ठावं नाय, ते म्हणाले, आणि मला पुढं सरकवत गेले. पुढच्या पायामागं गेल्यावर ते थांबले. काळजाचा ठोका लागला होता. मी त्यांच्या तळहाताखाली होतो, मला कळलं, की हा माणूस आत्ता मोजतोय, आणि दोन ठोक्यांमधल्या त्या लांब शांततेत त्याचा स्वतःचा श्वास अडकलाय. पहिल्या दिवशी माझं जे झालं होतं, तेच त्यांचं सत्तराव्या वर्षी होत होतं.

शेवटी मान राहिली. त्यांनी मला बाजूला केलं आणि उघड्या बोटांनी तो भोवरा चाचपला. एकदा वरून खाली, एकदा गोल. साळू उभी होती. काही आभाळ कोसळलं नाही.

"सर्जेराव," ते मागं न वळता म्हणाले, "हिची आयाळ परत याला किती दिस लागतील?"

सर्जेराव म्हणाले की सहा-आठ महिने तरी लागतील.

"नाय आली तरी चालंल," तात्यासाहेब म्हणाले.

त्यांनी माफी मागितली का, असं तुम्ही विचाराल. त्या दिवशी नाही मागितली. पण पुढच्या रविवारी ते पाहुण्यांशिवाय आले, आल्या आल्या खाटेपाशी जाऊन सर्जेरावांच्या शेजारी बसले आणि दोघांनी एकाच किटलीतला चहा घेतला. मग यात्रेला जाऊन त्यांनी खरोखरच घोडेबाजारात उभं राहून सर्जेरावांचं नाव सांगितलं, फक्त वेगळ्या कारणासाठी. हलवायला निघालेले दोन्ही घोडे आपापल्या खणात राहिले. साळू कडुनिंबाच्या बाजूच्या खणात आहे, आणि राजलक्ष्मी हे नाव आता कुणी घेत नाही.

मात्र तक्रारखोर ते तक्रारखोरच राहिले, मित्रांनो. महिनाभरातच त्यांनी नवी तक्रार काढली, आणि ती माझ्याविरुद्ध. संध्याला म्हणाले की ह्या खराऱ्याचे दोन दात तुटलेत, ते साळूला टोचतात, मान काढून घेती ती, तुम्ही बघत कसं नाय. संध्यानं नुसतं हौदाच्या दगडाकडं पाहिलं. तात्यासाहेब ओशाळले. दुसऱ्या खेपेला त्यांनी दोन वस्तू आणल्या: एक नवा रबरी खरारा, आणि एक कानस. नवा खरारा संध्याच्या कमरेला गेला. मला घेऊन ते कडुनिंबाखाली बसले आणि दोन तास, चष्मा नाकावर ओढून, माझे तुटके दात घासत राहिले. पोटरीवर लावून बघत होते, पुन्हा घासत होते. जन्मानंतर चाळीस वर्षांनी माझ्या दातांवरून पुन्हा कानस फिरली, आणि या वेळी मला यातना झाल्या नाहीत.

आता मी कुणाच्या हातात नसतो. थोडं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. तात्यासाहेबांनी मला हौदाशेजारच्या खांबाला, घोड्याच्या मानेच्या उंचीवर, दात बाहेर करून ठोकून दिलंय. घोडे पाणी प्यायला येतात आणि जाता जाता मला अंग घासून जातात.

तुमच्या घरी घोडा नसेल, मित्रांनो, पण जीव असतील. कुत्रं असेल, गाय असेल, म्हातारी आजी असेल. आपलं आपलं म्हणत तुम्ही त्यांचं कौतुक लोकांना सांगत असाल. कधीतरी बसून त्यांच्या पाठीवरून हात फिरवा आणि कुठं काय आहे ते स्वतःच्या बोटांनी बघा. आणि कुणावर रागवायचं असेल तर त्यानंतर रागवा.

रोज सकाळी साळू हौदावर येते. पाणी पिऊन झालं की मान वाकडी करते, वाढत चाललेली आखूड आयाळ बाजूला सरते, आणि तो भोवरा ती माझ्या दातांवर टेकवते. मग डोळे मिटून, सावकाश, तिला हवं तितका वेळ, ती माझ्याकडून खरारा करून घेते.